मऊ घास

१

सत्यम डबा घेऊन कंपनीच्या बसकडे पळाला, की कोमलच्या घरात रोजचं महाभारत सुरू व्हायचं. एका बाजूला कोमल, हातात वाटी-चमचा, खांद्यावर जुना पंचा. दुसऱ्या बाजूला आठ महिन्यांचा स्वराज, उशांच्या तटबंदीत बसवलेला, ओठ घट्ट मिटून. खिमट करून झालं, नाचणीचं सत्त्व झालं, वरणाचं पाणी झालं, केळं कुस्करून झालं. पठ्ठ्या चमचा बघितला की मान फिरवायचा. चुकून थेंबभर आत गेलंच, तर जिभेनं असं बाहेर ढकलायचा की समोरच्याच्या कपड्यांचं वाटोळं.

त्यांचा फ्लॅट वडगाव स्टेशनच्या अंगाला. खालून लोकल धडधडत गेली की स्वराज आश्चर्यानं आ वासायचा, आणि तेवढ्यात चमचा आत सारायचा हा कोमलचा डाव होता. पहिले काही दिवस चालला. मग तो गाडीचा आवाज आला की उलट ओठ जास्तच आवळायला लागला. एवढ्याशा जिवाला एवढी अक्कल येते कुठून, देव जाणे.

हसण्यावारी न्यावं असं मात्र काही उरलं नव्हतं. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, आणि वरच्या दुधाची बाटली तो भिरकावून द्यायचा. डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा बघून तोंड वाकडं केलं होतं. "वजन जागचं हललेलं नाही. पुढच्या वेळीही असंच असेल, तर पुण्याला ॲडमिट करावं लागेल. मग नाकातून नळी घालून भरवतात." नाकातून नळी हे शब्द कोमलच्या डोक्यात जे रुतून बसले ते बसलेच. तिला चिकन चिरतानासुद्धा ती नळी दिसायची.

त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली म्हणून ती वाटी खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद केला, जाता जाता डब्यातला चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला आणि परत आली. स्वराज गप्प बसला होता. इतका शहाण्यासारखा तो कधी बसत नसे. त्याचा एक गाल टम्म फुगला होता.

"काय घातलंस रे तोंडात?"

आयांना हे काही नवीन नाही. कोमलनं त्याची हनुवटी धरली, तोंडात बोट घातलं आणि आतलं बाहेर ओढलं. बोटावर आला तो एक गोळा. हिरवट, राखाडी, आत काड्यांसारखे धागे, आणि लाळेची तार त्याच्या ओठापासून तिच्या बोटापर्यंत लोंबत होती. गोळा कोमट होता. तिनं तो नाकाशी नेला.

शेपू होता तो, भाकरीत कालवलेला. चावलेला, चांगला घोळवून घोळवून चावलेला. स्वराजला अजून एक दात आला नव्हता.

तिनं गोळा कचऱ्यात टाकला, कचऱ्याची पिशवी खाली नेऊन टाकली आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. त्यानंतर दिवसभर स्वराज तिच्याकडे पाठ करून होता. दुसऱ्या दिवशी तर त्यानं अंगावरही प्यायचं नाव घेतलं नाही. नुसता रडत राहिला.

२

कोमलला शेपू आवडत नव्हता असं म्हणणं म्हणजे फारच सभ्यपणा झाला. बाजारात शेपूची जुडी दिसली तरी ती रस्ता ओलांडायची. लग्न ठरताना मुलगा-मुलीला बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा तिनं सत्यमला पगार विचारला नाही की स्वभाव. "तुमच्याकडे शेपू करतात का?" एवढंच विचारलं. सत्यम "क्वचित" म्हणाला, तर ती म्हणाली, "तो क्वचितही बंद करायचा."

तिचं लहानपण तिकोणा पेठेत, गडाच्या पायथ्याशी गेलं. आज तिचा भाऊ प्रितम त्याच जमिनीवर, पवनेच्या पाण्याकडेला, पाहुण्यांसाठी तंबू लावतो. भाऊ-बहीण फोनवर बोलायला लागले की लहानपणीच्या खाण्यावर गाडी आलीच समजा. व्यायलेल्या म्हशीचा चीक घरोघर वाटल्यावर उरलेल्याचा खरवस. खाचरातल्या चिंबोऱ्यांचा झणझणीत रस्सा, जो ओरपताना नाकातोंडातून पाणी यायचं. इंद्रायणीच्या तांदळाची पेज आणि वर तुपाचा ठिपका. "आणि आत्याचा घास!" असं प्रितम म्हणाला, की कोमल फोन कानापासून लांब धरायची.

अंबूआत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माहेरी परत आलेली. भातलावणीला सगळं घर खाचरात उतरलं की पोरं आत्याच्या ताब्यात. ती दिवसभर हिरड्यांना मिश्री घासायची. त्यात दात सगळे गेले आणि हिरड्या कोळशासारख्या काळ्या पडल्या. बाकीची पोरं हाताला लागेल ते खायची. कोमलची मात्र अन्नावर वासनाच नव्हती. हातापायांच्या नुसत्या काड्या. मग आत्या तिच्यासाठी घास मऊ करायची.

भाकरीचा तुकडा, त्यात शेपू. तो आत्याच्या तोंडात जायचा. आत्या डोळे मिटायची आणि हिरड्यांवर तो फिरवत बसायची. चब. चब. चब. घाई नाही, काही नाही. कोमल समोर बसून तो आवाज ऐकायची आणि तिच्या तोंडाला नुसतं पाणी सुटायचं, उलटी यायच्या आधी सुटतं ते. मग दोन बोटांवर तो गोळा बाहेर यायचा. दुसऱ्या हाताचा अंगठा एका गालावर, मधलं बोट दुसऱ्या गालावर. असं दाबलं की तोंड आपोआप उघडतं, हवं तर कुणीही करून बघावं.

"मऊ केलंय गं बाय. गीळ."

कोमट, बुळबुळीत, शेपूचा उग्र वास आणि त्याच्या तळाशी मिश्रीची जळकी कडवट चव. चावायला काही उरलेलंच नसायचं. जिभेवर ठेवला की तो स्वतःच घशाकडे सरकायचा. कोमलला सगळ्यात किळस याचीच यायची.

एकदा तिनं घास थुंकला. आत्या रागावली नाही, हातही उगारला नाही. "माजा घास थुकलीस व्हय? बरं. मंग उंद्या उपास." आणि दुसऱ्या दिवशी खरोखर उपास. आत्यापुढं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. आईसुद्धा मान खाली घालून शेतावर गेली. तिसऱ्या दिवशी कोमलनं गाल दाबायच्या आधीच तोंड उघडलं होतं.

"आत्या व्हती म्हनून तू जगलीस," असं आई अजूनही चारचौघांत सांगते, आणि लोक कौतुकानं माना डोलावतात.

एकच गोष्ट आत्याच्या हातून सुटली होती. वडील कधी लोणावळ्याला गेले की चिक्की आणायचे. कडक, दाण्यांची. ती काही बोळक्या तोंडाला फुटायची नाही. "दगड खाताय का रं?" म्हणून आत्या ती बाजूला सारायची. चिक्कीचा तुकडा म्हणजे कोमलला कोरडा, कडकड वाजणारा, आपला स्वतःचा घास वाटायचा. म्हणून इतक्या वर्षांनीही तिच्या स्वयंपाकघरात चिक्कीचा डबा कधी रिकामा नसे.

आत्याला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

३

माणसाचं डोकं आधी शेजाऱ्यांवर जातं. समोरच्या दारातली सारिका अधूनमधून स्वराजला उचलून न्यायची. कोमलनं तिला जिन्यातच गाठलं.

"वहिनी, परवा स्वराजला काही भरवलंत का तुम्ही?"

"मी? दार तर तुमचं आतून बंद होतं."

"नाही म्हणजे, शेपूची भाजी वगैरे..."

सारिकाचा चेहरा बदलला. "भरवलं असतं तर काय विष घातलं असतं का मी? दहा वेळा पोर सांभाळलं तुमचं. चांगले पांग फेडलेत." आणि तिनं दार असं आपटलं की जिन्यातला दिवा फडफडला.

झालं. चूक आपलीच, असं म्हणून कोमल घरात आली. मग तिला कावळा सुचला. कावळ्यानं कुणाच्या तरी पानातलं उचललं असेल, बाल्कनीतून आत टाकलं असेल, पोरानं तोंडात घातलं असेल. बाल्कनी ते पलंग यांत अख्खी खोली आहे आणि स्वराजला अजून धड रांगता येत नाही, हे तिला दिसत होतं. तरी तिनं बाल्कनीला जाळी मारून घेतली आणि तिला बरं वाटलं.

संध्याकाळी आईचा, लीलाबाईंचा फोन आला. कोमलनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं. आई खळखळून हसली.

"शेपू मागतंय? मागनारच की! म्हाळाच्या दिशी इसरलीस व्हय?"

कोमल विसरली नव्हती. तिनं फक्त आठवलं नव्हतं. भाद्रपदात माहेरी आत्याचा म्हाळ होता. फोटोपुढं पान वाढलेलं. खीर, वडे, कढी, आणि आत्याच्या आवडीची म्हणून भाकरी न् शेपू. स्वराज तेव्हा सहा महिन्यांचा व्हायचा होता. त्याची उष्टावण दसऱ्याला ठरलेली, मामाच्या मांडीवर, चांदीच्या चमच्यानं, खिरीची. तोवर त्याच्या तोंडात दुधाशिवाय काही गेलं नव्हतं. कोमल त्याला मांडीवर घेऊन पानाशी बसली होती. तंबूतले मुंबईचे पाहुणे टॉवेल मागायला दारात आले, सगळ्यांनी तिकडं बघितलं, कोमलनंही बघितलं. तेवढ्यात पोरगं मांडीवरून वाकलं आणि पानातला शेपू मूठभर उचलून त्यानं तोंडात कोंबला.

"अगं बया! उष्टावलं की गं पोरगं!" आई म्हणाली आणि घर हसलं. कोमल बोट घालून तो काढणार होती. "ऱ्हाऊ दे, गिळलंबी त्यानं," आई म्हणाली. "पान तरी बदल," असं कोमलनं म्हणून बघितलं, तर आई म्हणाली, "लेकराचं उष्टं धरत न्हाईत." मग तेच पान, त्यात स्वराजची पाच बोटं उमटलेली, प्रितमनं कावळ्यासाठी स्लॅबवर नेऊन ठेवलं.

दसऱ्याला मामानं चांदीच्या चमच्यानं खीर भरवली. स्वराजनं ती मामाच्या नव्या शर्टावर थुंकली. त्या दिवसापासून त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच.

"आई, आत्याची मिश्रीची डबी कुठंय गं?" कोमलनं विचारलं. असं का विचारलं ते तिला कळलं नाही.

"तिच्यासंगंच दिली की सरणावर. का गं?"

"काही नाही," कोमल म्हणाली.

४

दुसऱ्यांदा गाल फुगलेला दिसला तेव्हा कोमल बोट घेऊन पुढे झालीच होती. स्वराज तिच्याकडे बघत तो घास हळूहळू गिळत होता. त्याचे डोळे सुखानं अर्धे मिटले होते. इतक्या महिन्यांत तिनं आपल्या पोराला घास गिळताना पहिल्यांदा बघितलं. नाकातली नळी तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिनं बोट मागं घेतलं.

तिनं ते मागं घेतलं, हे खरं. पुढं कितीही कारणं दिली तरी ते खरंच.

मग ते रोजचं झालं. ती खिमटाची वाटी भरून त्याच्यापुढं ठेवायची, काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी आपटत राहायची, म्हणजे काही ऐकू यायला नको. परत आली की गाल फुगलेला असायचा. खिमटाला हात लागलेला नसायचा. ती वाटी मोरीत ओतायची आणि सत्यमला सांगायची, "जेवला आज."

काट्यावर वजन वाढलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "काय देताय?"

"भाकरी," कोमल म्हणाली. "मऊ करून."

"उत्तम. तेच चालू ठेवा."

सत्यमनं वाटेत पेढे घेतले. बिचारा इतका आनंदला की त्यानं समोर सारिकाच्या दारातही नेऊन दिले आणि भांडण मिटवून आला. रविवारी स्वराजला खिडकीत घेऊन उभा होता, तिथून ओरडला, "कोमल, ये लवकर! बोलला तो! माऊ म्हणाला!"

"माऊ?"

"अगं, खाली मांजर दिसली असेल. बोल रे, बोल. माऊ!"

स्वराज बापाकडे बघतच नव्हता. बापाच्या खांद्यावरून तो पलंगाकडे बघत होता. "म-ऊ," तो म्हणाला आणि खुदकन हसला. कोमलही हसली. तिला हसायचंच होतं. तिनं त्याला छातीशी घेतलं, त्याचा पापा घेतला, आणि त्याच्या तोंडाच्या वासानं तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

"सत्या, याच्या तोंडाला वास बघ."

सत्यमनं वास घेतला. "दुधाचा येतोय."

"मिश्रीचा येत नाही?"

"मिश्री?" सत्यमनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे. "तू जरा झोप काढ बरं," तो प्रेमानं म्हणाला.

५

सगळं आपल्या डोक्यातच आहे असं ठरवायलाही एकदा डोळ्यांनी बघावं लागतं. कोमलनं भर दुपारी दाराची कडी लावली, वरची खिटी लावली. बाल्कनीची जाळी ओढून बघितली. पलंगाखाली वाकून बघितलं, कपाट उघडून बघितलं, आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या. मग स्वराजला उशांमध्ये बसवलं, स्वयंपाकघरात गेली आणि नेहमीसारखी भांडी आपटली. मग भांडी खाली ठेवली आणि पाय न वाजवता दाराशी येऊन उभी राहिली.

दार जरासं उघडं होतं. फटीतून पलंगाचं टोक दिसत होतं आणि स्वराजची पाठ. पंखा फिरत होता. बाकी खोलीत चिटपाखरू नव्हतं.

चब.

तिला वाटलं, पंख्याचा आवाज.

चब. चब.

आवाज पलंगाच्या कडेकडून येत होता, माणूस भरवायला बसतं त्या उंचीवरून. घाई नाही, काही नाही. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, तसलं पाणी. स्वराज हातांनी टाळ्या पिटायला लागला. मग तो थांबला आणि त्यानं मान वर करून जराशी दाराकडे वळवली, तसा त्याचा चेहरा तिला दिसला.

त्याच्या दोन्ही गालांवर खळगे पडले. एक इकडून, एक तिकडून. कुणी दाबावं तसे गाल आत गेले, मांस पांढरं पडलं आणि ओठांचा चंबू झाला. तोंड उघडलं. मग गाल सुटले. तिथं दोन लाल ठिपके उमटले, आणि एक गाल हळूहळू भरत आला.

कोमलनं दार ढकललं. पलंगावर स्वराज होता आणि उशा होत्या. पलंगाच्या कडेला चादर चेपलेली होती, पण सकाळी तीच तिथं बसली होती. असणारच की चेपलेली, तिनं स्वतःला सांगितलं.

मग ती मोरीत गेली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली.

६

त्यानंतर तिनं पोराला खाली ठेवलं नाही. जुनी साडी फाडली आणि त्याला पोटाशी बांधलं. तसाच स्वयंपाक, तसंच धुणं. लाज सोडून संडासलाही तशीच गेली. तिच्या अंगाशी असला की गाल फुगत नव्हता. आवाज येत नव्हता. "बघ आत्या," ती मनातल्या मनात म्हणायची, "माझ्या अंगावरनं भरवून दाखव."

आत्यानं काही दाखवलं नाही. आणि स्वराजनं काही खाल्लं नाही. खिमट नाही, सत्त्व नाही, दूध नाही. आधी रडला, मग कुरकुरला, मग कुरकुरायचाही बंद झाला. ओठ सुकले. टाळू खोल गेली. साडीतून त्याचं अंग तिच्या पोटाला तापलेल्या तव्यासारखं लागायला लागलं.

तिला स्वतःला अन्न जात नव्हतं. चक्कर यायला लागली तेव्हा तिनं चिक्कीचा डबा काढला. हात घालून एक तुकडा उचलला. बोटाला तो चिकट लागला. उजेडात धरला, तर त्याच्या कडा गोल झाल्या होत्या. चोखून चोखून झिजलेला. दाणे सोलून वर आलेले, पांढरे, सुजलेले. तिनं दुसरा उचलला. तोही तसाच. डबाभर चिक्की ओली होती, एकेक तुकडा कुणीतरी तोंडात घोळवून परत आपल्या जागी ठेवलेला. वास मिश्रीचा होता.

चिक्की तर स्वराजसाठी नव्हती. ती घरात फक्त कोमल खायची.

संध्याकाळी सत्यम आला, पोराला हात लावला आणि पहिल्यांदाच बायकोवर ओरडला. "काय चालवलंयस तू हे? चांगलं खात होतं पोर! सोड त्याला!" डॉक्टरीणबाईंनी ताप मोजला, सलाईन लावलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी घरी सोडताना म्हणाल्या, "उद्यापर्यंत बघा. नाहीच खाल्लं, तर सरळ पुणं गाठा. नळी घालण्यावाचून इलाज नाही."

सत्यमनं गाडी सांगून ठेवली. सुट्टीचा अर्ज द्यायला तो दुपारी कंपनीत गेला. जाताना हळू आवाजात म्हणाला, "कोमल, पाया पडतो तुझ्या. काहीही कर, पण त्याला खायला घाल."

७

वडगावच्या बाजारात भाजीवालीनं शेपूची जुडी पुढं केली. "ताजी हाय, ताई. वास बघा." कोमलनं तोंडानं श्वास घेतला आणि जुडी पिशवीत टाकली. पोटाशी बांधलेल्या स्वराजनं कितीतरी दिवसांनी मान वर केली.

घरी येऊन तिनं शेपू निवडला, चिरला, परतला. भाकरी थापली. वासानं घर भरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. पोराला मऊच घास हवा ना? देते मी. पण घास माझा असेल. तोंड माझं असेल, दात माझे. दुसऱ्या कुणाला या घरात यायचं कारणच उरणार नाही.

तिनं स्वराजला सोडून समोर बसवलं. भाकरीचा तुकडा मोडला, शेपूत बुडवला आणि तोंडात घातला.

घसा वर आला. तिनं तो दाबला. चावत राहिली. शेपूचे धागे दाढांत अडकले, लाळ सुटली, घासाचा लगदा झाला, आणि गिळायचं नाही म्हणून तो जिभेवर तसाच घोळवत बसायचं. याहून घाण काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. मग तिनं दोन बोटांवर गोळा बाहेर काढला. लाळेची तार लोंबली. तिनं डोळे मिटले आणि हात पुढं केला.

बोटांवरचा गोळा गेला. डोळे उघडले, तर स्वराज गिळत होता.

दुसरा घास. तिसरा. चतकोर भाकरी गेली, अर्धी गेली. त्याच्या कपाळावर घाम आला आणि ताप उतरू लागला. कोमल हसत होती, रडत होती, चावत होती. "खा रे माझ्या सोन्या! बघितलंस आत्या? माझा मी भरवला!" ती मोठ्यांदा म्हणाली. पलंगाकडे आवाज नव्हता. जिंकले, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं इतकं गोड होतं की तोंडातला शेपूही क्षणभर कडू लागेना.

ताट उचलायला ती उठली, तर स्वराजनं तिचा गाऊन धरला. ताटातला शेवटचा तुकडा त्यानं मुठीत घेतला होता. तो त्यानं आपल्या तोंडात घातला आणि डोळे मिटले.

चब.

त्याचा जबडा गोल फिरत होता. बिनदाताच्या हिरड्यांवर, इकडून तिकडं. चब. चब. घाई नाही, काही नाही. कोमल पुन्हा खाली बसली. तो गिळेल म्हणून वाट बघत राहिली. त्यानं गिळलं नाही. त्यानं दोन बोटं तोंडात घातली, गोळा बाहेर काढला आणि तिच्या ओठांपुढं धरला. त्याचा दुसरा हात तिच्या तोंडाकडे आला. एवढासा तो पंजा, त्याचा अंगठा तिच्या एका गालावर टेकला तर बोट दुसऱ्या गालापर्यंत पोचायला नको होतं. पण दोन्ही गाल दाबले गेले.

"मऊ," स्वराज म्हणाला. माऊ नव्हे.

घासाला मिश्रीचा वास होता. थुंकायचं, तिनं ठरवलं. तोंडात आला की थुंकायचा, पोराला उचलायचं आणि धावत सुटायचं. पण थुंकला तर उद्या उपास. आणि या वेळी उपास तिला नव्हता. स्वराज तिच्याकडे बघत होता, पोट भरलेला, गालांवर लाली आलेला, कितीतरी दिवसांनी पोरासारखा दिसणारा.

कोमलनं तोंड उघडलं. घास कोमट होता. चावायला काही नव्हतंच, तो आपणहून घशाकडे सरकला.

दारात किल्ली फिरली. "कोमल?" सत्यमचा घाबरा आवाज आला. "जेवला का गं तो?"

तिला हो म्हणायचं होतं, पण दुसरा घास तोंडात आला होता.